सहजीवन-प्रतिज्ञा सोहळा (कोल्हापूर)

ज्यांना कायद्याने लग्न करता येत नाही किंवा ज्यांना लग्न करायचे नाही, अशा दोन सज्ञान व्यक्तींनी जिवाभावाच्या माणसांसमोर एकमेकांना साथीचे वचन देण्याचा समारंभ. समलिंगी जोडपी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती व त्यांचे जोडीदार, उतारवयात एकत्र राहू लागलेले विधवा-विधुर, लग्नाविना संसार करणारे स्त्री-पुरुष या सगळ्यांसाठी तो असतो. सरकारदरबारी त्याची नोंद होत नाही.

हे शहरी, पाश्चात्त्य फॅड आहे असे म्हटले जाते. कोल्हापूरचा इतिहास पाहिला तर ते पटत नाही. चौकटीबाहेरच्या नात्यांना विधी इथे पूर्वीही होता, मात्र तो अंधारात उरके. विधवेचा पाट किंवा मोहतूर, म्हणजे तिचे दुसरे लग्न, रात्री, वाजंत्रीशिवाय लागे आणि सवाशिणी त्याला जात नसत. जातीतले लोक ते नाते मान्य करीत, पण त्याचा आनंद कोणी उघडपणे साजरा करत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाला आणि १९१९ साली आंतरजातीय विवाहाला संस्थानात कायद्याचे पाठबळ दिले. घराण्याला मान खाली घालायला लावणारी मानली गेलेली लग्ने त्यामुळे उजळ माथ्याने लावता येऊ लागली. पुढच्या काळात कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी जातीधर्माबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांची बाजू याच शहरातून सातत्याने घेतली. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितले.

सोहळ्याचा सर्वांत जवळचा पूर्वज म्हणजे सत्यशोधक विवाह. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाअखेर पुण्यात भटजीविना पहिले लग्न लागले. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधूवर स्वतः बोलतात. आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच मिळालेला नाही, तेव्हा आमचे हक्क देण्याची शपथ घे, असे वधू वराला सांगते आणि वर ती घेतो. १९११ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला आणि ही पद्धत पंचक्रोशीत रुजली. मुहूर्त नाही, कन्यादान नाही, हुंडा नाही. आहे ती परस्परांची कबुली. कन्यादान वगळले की देणारा आणि घेणारा हा भेद उरत नाही, म्हणून दोन स्त्रियांना किंवा दोन पुरुषांनाही हा विधी फारसा न बदलता जुळतो. प्रतिज्ञा मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली असावी. अक्षतांऐवजी फुले, हार, मग जेवण, एवढे पुरते. घरच्यांनी पाठ फिरवली असेल तर केळवण मित्रांकडे होते, आणि त्या केळवणाचे मोल प्रत्यक्ष सोहळ्याहून कमी मानू नये.

यल्लम्मा देवीला वाहून सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या परंपरेशी या सोहळ्याची गल्लत करू नये. तिथे बंध देवीशी असतो आणि तो अनेकदा लहानपणीच, संमतीविना लादला गेला. संस्थानाने १९२० मध्येच त्याविरुद्ध कायदा केला होता. सहजीवन-प्रतिज्ञेचा पायाच दोघांची संमती हा आहे.

कायद्याची बाजू अजून लंगडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे पाचही न्यायाधीशांनी नाकारले. नागरी सहजीवनाला, म्हणजे विवाहाशिवायच्या जोडीदारीला, कायद्याची मान्यता देणेही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने नाकारले गेले. स्त्री-पुरुष नात्यातील पारलिंगी व्यक्तींना सध्याच्या कायद्यांखाली लग्न करता येते, हे त्याच निकालात एकमताने स्पष्ट झाले. अशा जोडप्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन तीन साक्षीदारांसमक्ष नोंदणी करणे हिताचे, सोहळा नंतर हवा तेव्हा करावा.

इतरांच्या बाबतीत सोहळ्याने वारसा मिळत नाही, पेन्शन मिळत नाही. नोटरीपुढे केलेला करारही विवाह ठरत नाही, आणि तसे सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहायला हवे. २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व एकमेकांना नॉमिनी करण्यास आडकाठी नसल्याचे जाहीर केले आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातले धरण्यास राज्यांना सांगितले. पण नॉमिनीच्या हाती पैसे आले तरी वारसांचा हक्क संपत नाही. त्यासाठी मृत्युपत्र हवे. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. मृत्युपत्रात ज्यांच्या नावे काहीच ठेवलेले नाही, अशाच दोघांच्या सह्या त्यावर घ्याव्यात.