जीवाणूंचा निरोप आणि मधलं पाणी

काचेच्या फ्लास्कमध्ये ताजं पोषकद्रव्य घ्यायचं, त्यात प्रकाश देणारे थोडेसे समुद्री जीवाणू सोडायचे आणि अंधारात वाट बघत बसायचं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. जीवाणूंची संख्या दुपटीने वाढत असते, पण उजेडाचा पत्ता नसतो. मग ते पुरेसे दाट झाले की सगळा फ्लास्क निळसर उजळू लागतो. 1970 साली केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वूडलँड हेस्टिंग्ज यांनी हे कोडं हातात घेतलं. ज्या द्रवात जीवाणू आधीच वाढून गेले होते, त्यातल्या पेशी काढून टाकून तो नव्या जीवाणूंना दिला, तर ते लवकर उजळायला लागले. आधीच्यांनी त्या द्रवात काहीतरी मागे ठेवलं होतं. ते म्हणजे जीवाणूंनी बाहेर सोडलेला, एकमेकांना निरोप देणारा रेणू. 1981 मध्ये अशा एका रेणूची रचना हाती लागली.

1994 मध्ये या प्रकाराला ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव मिळालं. क्वोरम म्हणजे गणपूर्ती. सभेला पुरेशी माणसं जमल्याशिवाय ठराव होत नाही, तसे जीवाणूही पुरेसे जमल्याशिवाय काही कामं हाती घेत नाहीत: प्रकाश देणं, विष तयार करणं, बायोफिल्मचा चिकट थर बांधणं. नाव चपखल आहे, पण त्यामुळे एक गैरसमज रुजला असं मला वाटतं. जीवाणू डोकी मोजतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकेका जीवाणूला कळतं ते एवढंच, की आपल्याभोवती या रेणूचं प्रमाण किती आहे. आणि ते प्रमाण शेजाऱ्यांच्या संख्येइतकंच मधल्या जागेवरही ठरतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफील्ड यांनी 2002 मध्ये हाच मुद्दा ठासून मांडला: आपण सोडलेला रेणू वाहून जातो की जवळच राहतो, याचाच अंदाज एकटा जीवाणू घेत असेल.

याची सगळ्यात सुरेख साक्ष 2009 च्या एका प्रयोगातून मिळाली. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूच्या एक ते तीन पेशी अतिशय सूक्ष्म थेंबांत कोंडल्या गेल्या. थेंबाबाहेर रेणू जाणार कुठे? तो तिथेच साचत गेला आणि त्या एकट्यादुकट्या पेशींमध्येही ‘गणपूर्ती’ची जनुकं जागी झाली. सभा भरलीच नव्हती, फक्त खोली लहान होती.

याच्या उलट टोक वाहत्या पाण्याचं. 2016 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्म नळ्यांमधून द्रव वाहता ठेवून कॉलऱ्याचा जीवाणू आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांच्यावर प्रयोग केले. नळीच्या मुख्य प्रवाहात बसलेल्या जीवाणूंचे निरोप वाहून जात होते, त्यामुळे तिथे सारं गप्प. पण त्याच नळीच्या भिंतीत कोरलेल्या खाचांमध्ये, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथल्या पेशी निरोपाला प्रतिसाद देत होत्या. जात तीच, अन्न तेच, अंतर केसाच्या जाडीएवढं, आणि वागणं अगदी वेगळं. बायोफिल्मचा थर जाड झाला तर हाच भेद उभ्या दिशेने दिसतो: वरचा थर प्रवाहाने धुतला जातो, तळाच्या पेशींपाशी रेणू टिकतो. आतड्याच्या घड्या, दातांमधल्या फटी अशा जागा म्हणूनच इतक्या महत्त्वाच्या.

रेणू जवळ राहिला तरी तो शाबूत राहील याची खात्री नाही. अनेक जीवाणू वापरतात त्या एसिल होमोसेरीन लॅक्टोन कुळातल्या रेणूला एक लहानसं रासायनिक कडं असतं. पाणी अल्कधर्मी झालं की ते कडं उघडतं, आणि उघडलेला रेणू समोरच्या पेशीतल्या ग्राहक प्रथिनात बसत नाही. सामू, म्हणजे पीएच, एका अंकाने वाढला की पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन दहापट होतात आणि कडं उघडण्याचा वेगही साधारण त्याच पटीत वाढतो. तापमान वाढलं तरी हेच घडतं. समुद्राचं पाणी 8.1 च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कधर्मी, त्यामुळे उघड्या समुद्रात हा निरोप मुळातच अल्पायुषी. कड्याला जोडलेली कार्बन अणूंची शेपटी जितकी लांब, तितका रेणू जास्त टिकतो. मातीत आणखी एक अडचण असते. बॅसिलस कुळातले काही जीवाणू हेच कडं फोडणारं विकर बनवतात आणि शेजाऱ्यांचं बोलणं वाटेतच तोडतात. आपल्या शरीरातही असं होतं: संसर्गाच्या जागी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी हायपोक्लोरस आम्ल तयार करतात आणि स्टॅफिलोकॉकसच्या काही जातींचा निरोप त्याने निकामी होतो.

उपासमारीचाही परिणाम होतो, पण तो बोलणाऱ्यावर. लोह तुटपुंजं असलं की स्यूडोमोनास आपला एक निरोप-रेणू अधिक बनवतो. हा रेणू स्वतः लोहाला पकडूनही ठेवतो. एकाच रेणूने निरोपही द्यायचा आणि टंचाईतलं लोहही धरायचं, ही मला या साऱ्या विषयातली सर्वात विलक्षण गोष्ट वाटते.

फ्लास्कमधल्यासारखाच प्रकाश देणारा एक समुद्री जीवाणू म्हणजे व्हिब्रिओ फिशेरी. हवाई बेटांजवळच्या उथळ समुद्रात एक छोटा स्क्विड राहतो. त्याच्या पोटाकडे असलेल्या प्रकाश-अवयवात हाच जीवाणू वस्ती करतो. बाहेरच्या पाण्यात तो अगदी विरळ, तर अवयवात मिलिलिटरला हजार कोटींच्या घरात. त्या बंदिस्त जागेत रेणू साचतो, जीवाणू उजळतात आणि चांदण्यात पोहणाऱ्या स्क्विडची खालून दिसणारी सावली पुसली जाते. पहाट झाली की स्क्विड त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त जीवाणू समुद्रात फेकून देतो. बाहेर पडलेल्या पेशींमध्ये काहीही बिघडलेलं नसतं, पण त्यांच्याभोवतीचं पाणी आता अथांग असतं, रेणू विरून जातो आणि उजेड थांबतो. आत उरलेले थोडे जीवाणू मात्र पुन्हा वाढायला लागतात, आणि रात्र होईपर्यंत अवयव परत उजळलेला असतो.