जकात गेली, धनादेश आला

नगरपालिकेच्या लेखा विभागात महिनाअखेरीला एकच चौकशी असते: ‘अनुदान आलं का?’ अनुदान आलं तर पगार. हे परावलंबन एका दिवसात आलेलं नाही.

लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावाने शहरांचा कारभार निवडून आलेल्या लोकांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. पण घोडं पेंड खायचं ते पैशापाशी. घरपट्टी आणि पाणीपट्टी वाढवायची म्हणजे मतदाराला दुखवायचं, त्यामुळे भिस्त राहिली जकातीवर. शहरात माल आला की कर. शिवाय पैसा रोजच्या रोज आणि रोख.

मुंबईचे मुलुंड, दहिसर हे नाके ज्यांनी पाहिलेत त्यांना ती रांग आठवत असेल. ट्रक कडेला लावून ड्रायव्हर बिल्टी घेऊन खिडकीशी उभा, मध्ये दलाल, आणि पावतीवरचा आकडा खरा किती, याची खात्री कुणालाच नाही. व्यापारी वैतागायचे, ते उगाच नव्हे. तरीही तो महापालिकेने स्वतः गोळा केलेला पैसा होता.

नगरपालिकांची जकात 1999 मध्येच गेली आणि बदली अनुदान सुरू झालं. महापालिकांमध्ये 2010 पासून टप्प्याटप्प्याने एलबीटी आला, म्हणजे व्यापाऱ्याने स्वतः हिशेब करून भरायचा स्थानिक संस्था कर. नाका गेला, पण हिशेबाच्या वह्या तपासायला पालिकेचा माणूस दुकानात येणार, या धास्तीने 2013 मध्ये व्यापाऱ्यांनी बाजारपेठा बंद ठेवल्या. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला. म्हणजे जवळपास सगळेच सुटले. मुंबईने मात्र जकात शेवटपर्यंत सोडली नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि उरलंसुरलं संपलं. त्यासाठी राज्याने भरपाईचा कायदा केला: 2016-17 चं उत्पन्न पायाभूत धरायचं, दरवर्षी त्यात 8 टक्के वाढ, आणि रक्कम दरमहा. मुंबईला पहिला धनादेश मिळाला सुमारे 647 कोटींचा, तोही महापौरांच्या हाती समारंभपूर्वक. हक्काच्या पैशाचा समारंभ व्हावा, यातच सगळं आलं.

74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी 18 कामं दिली. कोणते कर लावू द्यायचे, हे ठरवणं मात्र राज्याकडेच ठेवलं. मुंबईची ही भरपाई 2025-26 च्या अंदाजपत्रकात 14 हजार कोटींच्या घरात गेली होती, आणि तिचा धनादेश मंत्रालयातून निघतो.