खाऱ्या टाकीतलं शैवाल आणि फॉस्फेटचा हिशेब

खाऱ्या पाण्याच्या टाकीत रोज चारा पडतो. त्यातला थोडाच माशांच्या अंगी लागतो. उरलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस विष्ठेतून, कल्ल्यांवाटे आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात येतो. जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. त्यातलं थोडं, दगडांच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, नायट्रोजन वायू होऊन निसटतं. फॉस्फरसचं पाण्यात फॉस्फेट होतं, त्याला तशी वाटच नाही. ते उपसूनच काढावं लागतं, आणि रिफ्युजियममधलं, म्हणजे शैवाल वाढवायला ठेवलेल्या वेगळ्या कप्प्यातलं, शैवाल हा उपसण्याचा उत्तम मार्ग आहे. मात्र शैवाल पोषकद्रव्यं फक्त अंगात साठवतं. कापून टाकीबाहेर काढेपर्यंत ती टाकीतच असतात.

आकडे मांडून पाहू. ४५ टक्के प्रथिनांच्या कोरड्या चाऱ्यात दर ग्रॅममागे सुमारे ०.०७ ग्रॅम नायट्रोजन आणि ०.०१ ग्रॅम फॉस्फरस असतो. एका ग्रॅममधला सगळा पाण्यात उतरला, तर २०० लिटरच्या टाकीत नायट्रेट १.६ आणि फॉस्फेट ०.१५ पीपीएमने (लिटरमागे मिलिग्रॅमने) चढतं. दुसरीकडे, घट्ट पिळलेलं १०० ग्रॅम शैवाल वाळल्यावर १० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यात ३ टक्के नायट्रोजन धरला, तर एका कापणीत ०.३ ग्रॅम, म्हणजे रोज १ ग्रॅम याप्रमाणे चार दिवसांच्या चाऱ्यातला नायट्रोजन बाहेर गेला. मूठभर शैवाल महिनोन्‌महिने संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या पेटीत) तसंच पडून असेल, तर ते काहीच काम करत नाही.

आता खरी मेख. मार्लिन ॲटकिन्सन आणि स्टीफन स्मिथ यांनी १९८३ साली समुद्रतळावरच्या वनस्पती आणि शैवालांची रासायनिक घडण तपासली. त्यांना कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण साधारण ५५०:३०:१ मिळालं. वरच्या चाऱ्यात मात्र नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण जेमतेम १५:१ आहे. म्हणजे शैवालाला लागतो त्याच्या दुप्पट फॉस्फरस आपण ओततो. त्यामुळे नायट्रेट आधी संपतं, शैवालाची वाढ थांबते आणि फॉस्फेट मागे उरतं. ‘नायट्रेट शून्य, फॉस्फेट ०.२ आणि कीटो फिकं पडतंय’ ही तक्रार (कीटो हे रिफ्युजियममधलं नेहमीचं शैवाल) इथूनच येते. अशा वेळी दिवा वाढवून उपयोग नाही, नायट्रेट घालावं लागतं. शुद्ध सोडियम नायट्रेट ५५ ग्रॅम घेऊन आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवावं आणि एकूण १ लिटर करावं. याचे १० मिलि २०० लिटर पाण्यात नायट्रेट सुमारे २ पीपीएमने चढवतात. एका दिवसात याहून जास्त नको. खताच्या दुकानातला माल तर मुळीच नको.

नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही घरगुती प्रवाळटाकीसाठी चांगली पातळी. दोन्ही शून्यावर आणण्याचा अट्टहास महागात पडतो: प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा थर पसरतो. टेस्ट किट काय मोजतं तेही नीट वाचा. काही किट नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन दाखवतात. त्या आकड्याला ४.४३ ने गुणावं लागतं. आणखी एक गोष्ट: चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की सोडतात. म्हणून भरपूर कापणी करूनही सुरुवातीचे काही आठवडे आकडा हलत नाही. तेव्हा धीर सोडू नये.

जात निवडायची तर कीटोमॉर्फा, म्हणजे कीटो. ते कशाला चिकटत नाही, त्याचा तारांसारखा गुंता सुटा उचलता येतो. कॉलर्पा झपाट्याने वाढतं, पण पुनरुत्पादनाच्या वेळी त्याचा सगळा जीवरस बीजपेशी होऊन पाण्यात सुटतो. पाणी हिरवट-दुधाळ होतं, मागे काचेसारखी पारदर्शक सालं उरतात. साठवलेलं सगळं परत पाण्यात, वर ऑक्सिजनही घसरतो.

२०० लिटरच्या टाकीला संपमधला २० लिटरचा कप्पा पुरतो. पाण्यापासून १५ सेंमीवर २० ते ३० वॅटचा, लाल आणि निळा प्रकाश देणारा ग्रो लाइट लावा. तो मुख्य दिवे बंद झाल्यावर १० ते १४ तास चालू ठेवला, की रात्री साचणारा कार्बन डायऑक्साइड शैवाल ओढून घेतं आणि पीएच कमी घसरतो. कप्प्यातलं पाणी तासाला ५ ते १० वेळा बदलेल इतका प्रवाह हवा. पुढे जाळी लावा, कारण तुटलेल्या तारा रिटर्न पंपात (पाणी परत टाकीत चढवणाऱ्या पंपात) अडकतात. सुरुवात १०० ग्रॅमने करा.

गुंता आठवड्यातून एकदा उलटा करा. वरचं हिरवंगार दिसत असताना खालचं सावलीत कुजत असतं. हाताने झटकलं की तपकिरी गाळ उडतो. हाच गाळ पुन्हा नायट्रेट-फॉस्फेट सोडतो. म्हणून टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात गुंता खळबळून घ्या आणि ते पाणी ओतून द्या. कप्पा भरला की तिसरा हिस्सा ते निम्मं काढा. पोषकद्रव्यं पुरेशी असूनही रंग पिवळट असेल, तर बहुधा लोह कमी पडतंय. शैवालामुळे पाणी पिवळसर होतं. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन महिन्याला बदला.

कापलेलं शैवाल नाल्यात किंवा खाडीत कधीही टाकू नका. मत्स्यालयांत पोसलेली कॉलर्पा टॅक्सिफोलियाची जात १९८४ साली मोनाकोच्या किनाऱ्यावर आढळली आणि भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. २००० साली तीच कॅलिफोर्नियातल्या आग्वा हेडिओंडा खाजणात सापडली. ताडपत्रीखाली क्लोरिन सोडून ती नष्ट करायला २००६ उजाडलं, खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला. कापणी उन्हात कडकडीत वाळवा आणि कचऱ्यात द्या. कुंड्यांना घालायची असेल तर आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मीठ काढा.