तरीचं तिखट, रश्शाचं मीठ

बडोद्यात सेव-उसळीबरोबर तरी वेगळ्या भांड्यात येते. दांडिया बाजारात वाढलेल्या आम्हा मंडळींना ती वाढून घ्यायची रीत ठाऊक असते: ढवळायचं नाही, पळी वरच्यावर धरायची. परवा घरी आणलेली तरी ओट्यावर तशीच राहिली. रात्री पाहिलं तर वर लालभडक तेल, खाली फिकट पाणी. चमच्याचं टोक तेलात बुडवून चाटलं, कान गरम झाले, पण मीठ लागलं नाही. खालचं पाणी मात्र चांगलंच खारट, तिखट नावापुरतं.

मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन आणि तिची लाल रंगद्रव्यं तेलात रमतात, मीठ तेलात शिरतच नाही. इथवर स्वयंपाकघरात सगळ्यांनाच माहीत असतं. मला गंमत वाटते ती त्या ‘नावापुरतं’ची. कॅप्सेसिन सगळंच्या सगळं तेलात जात नाही. थोडं पाण्यात उरतंच, आणि किती उरायचं याला नियम आहे.

बर्थेलो आणि युंगफ्लाइश या रसायनशास्त्रज्ञांना तो 1872 मध्ये दिसला, वाल्थर नर्न्स्ट यांनी 1891 मध्ये तो नेमका मांडला. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत एखादा पदार्थ वाटला गेला, की दोन्हीकडच्या त्याच्या संहतींचं (म्हणजे ठरावीक द्रवात तो किती विरघळलाय, याचं) गुणोत्तर ठरलेलं असतं. पदार्थ थोडा घ्या वा जास्त, द्रव वाटीभर घ्या वा बादलीभर, गुणोत्तर तेच. तापमानाने मात्र ते बदलतं. पुस्तकातला आकडा 25 अंशांचा, आमची प्रयोगशाळा मे महिन्यातल्या बडोद्याची. तो कधी यायचा नाही, आणि आम्ही जर्नलमध्ये तो बिनदिक्कत ‘आणायचो’.

वाटणी ठरली म्हणजे हालचाल थांबली, असं नाही. नवरात्रात गरब्याच्या आतल्या फेरातून कुणी बाहेर येतं, बाहेरचं कुणी आत घुसतं, तरी दोन्ही फेर लांबून तेवढेच दिसतात. रेणूंचंही तसंच. जितके पाण्यातून तेलात, तितकेच तेलातून पाण्यात.

आयोडीनचं उदाहरण घेऊ. पाणी आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांच्यात हे गुणोत्तर 25 अंशांना साधारण 1 ला 85. सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात) हलवलं की पिवळट पाणी फिकं होतं आणि खालचा जड थर जांभळा. (हे द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, यकृतालाही वाईट आणि ओझोनच्या थरालाही, त्यामुळे घरी प्रयोग नको.) 100 मिलिलिटर पाण्यात 20 मिलिग्रॅम आयोडीन आहे आणि आपल्याजवळ द्रावक फक्त 10 मिलिलिटर. ते सगळं एकदम ओतलं तर पाण्यात 2.1 मिलिग्रॅम उरतं. पाच-पाच मिलिलिटरच्या दोन खेपा केल्या तर जेमतेम 0.73. द्रावक तेवढंच, पण दुसऱ्या खेपेला कोरं द्रावक येतं आणि वाटणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. साबणाचे कपडे एका बादलीत एकदाच खळबळण्याऐवजी तेवढंच पाणी दोन खेपांत वाटून घेणाऱ्या बाईला हे गणित न मांडताच येतं.

नियमात एक मेख आहे. पदार्थ दोन्हीकडे एकाच रूपात असायला हवा. बेन्झोइक आम्लाचे रेणू बेन्झीनमध्ये गेले की जोडीजोडीने राहतात, पाण्यात बरेचसे एकटे. मग साधं गुणोत्तर काढलं तर ते दर वेळी निराळं येतं. बेन्झीनमधल्या संहतीचं वर्गमूळ घेतलं की जमतं.

औषध कारखान्यांनी हीच मेख कामाला लावली. पेनिसिलिन बुरशीच्या मिश्रणात पाण्यात असतं. आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 2 ते 2.5 वर आणला की त्याच्या रेणूंवरचा विद्युतभार जातो आणि ते ब्यूटाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात उडी मारतं. घाण बरीचशी मागे पाण्यात. मग पीएच 7 च्या आसपासच्या कोऱ्या पाण्याबरोबर ते द्रावक हलवायचं, की विद्युतभार परत आलेलं पेनिसिलिन पुन्हा पाण्यात. पंचाईत एवढीच, की आम्लात ते भराभर मोडतं. म्हणून पहिली उडी थंडाव्यात आणि घाईघाईत उरकावी लागते. थर आपोआप वेगळे व्हायची वाट न बघता ते सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून तोडतात.