गोड्या पाण्याचा मुक्काम

"पाणी कधी संपत नसतं. समुद्रातून वर जातं, ढगांतून खाली येतं, नुसतं फिरत राहतं." पाणीटंचाईचा विषय निघाला की कुणीतरी हे म्हणतंच. जलचक्राची आकृती आपण सगळ्यांनीच शाळेत काढलेली असते, त्यामुळे ते पटतंही. वाक्यात चूक काही नाही. फक्त एक प्रश्न त्यातून निसटतो. हा फेरा पूर्ण व्हायला वेळ किती लागतो? गोड्या पाण्याचं जवळजवळ सगळं कोडं मला या एका प्रश्नात दिसतं.

साठ्याचे आकडे आधी पटकन सांगून टाकतो. पृथ्वीवर सुमारे १३८ कोटी घन किलोमीटर पाणी आहे आणि त्यातलं गोडं अडीच टक्के. या गोड्या पाण्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग बर्फात अडकलेला, तीसेक टक्के जमिनीखाली. जगातल्या सगळ्या नद्यांत मिळून कुठल्याही क्षणी असतं जेमतेम २,१०० घन किलोमीटर. आणि माणसं नद्या, तलाव आणि जमीन यांतून दरवर्षी उपसतात सुमारे ४,००० घन किलोमीटर. म्हणजे नद्यांत आहे त्याच्या जवळपास दुप्पट! मग नद्या केव्हाच आटून कशा गेल्या नाहीत?

शंभर खाटांची एक धर्मशाळा समजा. ती कायम भरलेली असते, रोज दहा जण उठून जातात आणि तितकेच नवे येतात. मग एकेकाचा मुक्काम सरासरी दहा दिवसांचा. साठ्याला प्रवाहाने भागायचं, की मुक्काम मिळाला. हवेत सुमारे १३,००० घन किलोमीटर पाणी असतं आणि वर्षभरात पृथ्वीवर पाच लाख घन किलोमीटरच्या आसपास पाऊस आणि बर्फ पडतो. भागाकार केला की उत्तर येतं नऊ-दहा दिवस. नद्या वर्षाला सुमारे ४०,००० घन किलोमीटर पाणी वाहून नेतात, तेव्हा नदीतला मुक्काम अठरा-वीस दिवसांचा. वर्षातून वीसेक वेळा नदी नवी होते, म्हणून आपला उपसा ती सोसते. तलावांचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. उत्तर अमेरिकेतलं ईरी सरोवर तीन वर्षांच्या आत पाणी बदलतं, तर त्याच साखळीतल्या सुपीरियरला १९० वर्षं लागतात.

४०,००० पैकी ४,००० हा दहावाच हिस्सा, मग टंचाई का? कारण त्या ४०,००० मधलं बरंचसं पाणी पुरात निघून जातं, आणि बरंच जिथे माणसं थोडी तिथे वाहतं. एकटी ॲमेझॉन जगातल्या नदीप्रवाहाचा सहावा हिस्सा तरी समुद्रात नेते. शिवाय उपशातलं सत्तर टक्के पाणी शेतीला जातं. वीजकेंद्र थंड करायला घेतलेलं पाणी बहुतेक सगळं नदीत परत येतं. पिकाने घेतलेलं पानांतून वाफ होऊन उडतं आणि पाऊस होऊन पडतं ते कुठे तरी दुसरीकडेच. जिथे नदी पुरत नाही तिथे माणूस जमिनीखालच्या पाण्याला हात घालतो, आणि तिथे मुक्कामाचं गणित साफ बदलतं.

काचेच्या पेल्यात काठोकाठ कोरडी वाळू भरा. पेला भरलेला दिसतो. आता त्यात हळूहळू पाणी ओता. ओली रेघ दाण्यादाण्यांमधून खाली उतरताना काचेतून दिसते, आणि पेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी सहज मावतं. भूजल असंच असतं, दाण्यांच्या फटींत आणि खडकाच्या भेगांत. चुनखडीतल्या गुहांसारखे अपवाद सोडले तर जमिनीखाली नद्या वाहत नाहीत. तरीही बेचक्याची काडी हातात धरून "इथे खाली झरा आहे" असं सांगणारे पाणाडे जगभर आहेत. त्यांचं भाकीत पुष्कळदा खरंही ठरतं, कारण खाली सलग जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा वाळूचा किंवा खडकाचा थर, असेल तर कुठेही भोक पाडलं तरी पाणी लागतंच. काडीचा त्यात काडीइतकाही वाटा नाही.

पाणी तिथे कधीपासून आहे, हे पाण्यातले अणूच सांगतात. ते कसं सांगतात, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा जड आणि किरणोत्सारी भाऊ. वातावरणात वर वैश्विक किरणांमुळे तो अगदी थोडा तयार होतो, ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पावसाचं पाणी बनूनच खाली येतो. १९५० च्या दशकापासून हायड्रोजन बाँबच्या चाचण्या खुल्या हवेत झाल्या आणि १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या पावसात ट्रिटियम नेहमीच्या शेकडो पट झालं. त्या पावसावर जणू शिक्काच बसला. ज्या विहिरीच्या पाण्यात ट्रिटियम सापडतच नाही, ते त्या चाचण्यांआधी मुरलेलं. पण ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, १२.३ वर्षं. १९६३ पासून अशी पाच अर्धायुष्यं उलटली, आणि शिक्का बत्तिसाव्या हिश्श्यावर आला. इथे निसर्गच मदतीला येतो. ट्रिटियमचा ऱ्हास होऊन हेलियम-३ बनतो. पाणी हवेच्या संपर्कात असेपर्यंत हा वायू उडून जातो, पण जलपातळीच्या खाली गेलेल्या पाण्यात तो साठत राहतो. दोन्ही मोजून बेरीज केली की सुरुवातीचं ट्रिटियम कळतं, आणि गुणोत्तरावरून वर्षं निघतात. वाळूच्या घड्याळात वर उरलेली आणि खाली पडलेली, दोन्ही वाळू मोजावी तसं.

आणखी जुन्या पाण्यासाठी त्यात विरघळलेला किरणोत्सारी कार्बन-१४ मोजतात, पण तोही चाळीसेक हजार वर्षांपुढे चालत नाही. त्याच्या पलीकडे क्रिप्टॉन-८१ हा किरणोत्सारी वायू लागतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे २ लाख २९ हजार वर्षं, आणि वायू निष्क्रिय असल्यामुळे वाटेत खडकाशी त्याची रासायनिक देवघेव होत नाही. अडचण एवढीच, की क्रिप्टॉनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंत असा अणू एखादाच. त्यामुळे लेझरच्या सापळ्यात एकेक अणू पकडून मोजावा लागतो. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या विहिरींचं पाणी असं मोजलं, तेव्हा २००४ मध्ये जाहीर झालेलं वय होतं २ लाख ते १० लाख वर्षं.

भूपृष्ठाखालच्या दोन किलोमीटरपर्यंत जेवढं भूजल आहे, त्यातलं गेल्या पन्नास वर्षांत मुरलेलं सहा टक्क्यांहूनही कमी भरतं. बाकीचं आपल्या उपशाच्या वेगाने परत येणारं नाही. लिबियाने १९८४ मध्ये काम सुरू करून चार मीटर व्यासाच्या नळांतून किनाऱ्यावरच्या शहरांना आणलेलं पाणी असंच हिमयुगाच्या काळातलं. सौदी अरेबियाने अशाच पाण्यावर वाळवंटात गहू पिकवला, इतका की १९९० च्या सुमारास तो देश गहू निर्यात करत होता. विमानातून दिसणारी त्या शेतांची हिरवी वर्तुळं ज्या पाण्यावर उभी होती, ते अरबस्तानात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडत होता तेव्हाचं. २००८ मध्ये सरकारने आपल्या शेतकऱ्यांकडून होणारी गहू खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. २०१६ मध्ये ती थांबली.