शिकलो असं वाटलं, म्हणजे शिकलो का?

हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक वर्गांत केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला अनुभवी प्राध्यापकांनी ओघवतं व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटातल्या मुलांना तीच उदाहरणं आपापसांत चर्चा करत, अडखळत सोडवायला लावली. पुढच्या धड्याला गटांची अदलाबदल केली. तासानंतर मुलांना दोन गोष्टी होत्या: किती शिकलात असं वाटतं हे सांगायचं, आणि एक चाचणी द्यायची. धडपडणाऱ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असंही त्यांनाच वाटलं!

रंगलेलं व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं आणि त्या सोपेपणालाच आपण समज मानतो. उदाहरण अडलं की डोकं शिणतं, आणि तो शीण 'मला हे येत नाही'चा पुरावा वाटू लागतो. वास्तविक शिकणं तिथंच चाललेलं असतं.

नोकरी शोधताना हा गैरसमज महागात पडतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये विद्यार्थी आणि नोकरी देणारे, दोघांनाही विचारलं होतं. तोंडी संवादात आपली तयारी चांगली आहे, असं ६२ टक्के विद्यार्थी म्हणाले. नव्या पदवीधरांबद्दल तसं म्हणणारे नोकरी देणारे होते २८ टक्के.

पण म्हणून विद्यार्थ्यांचं मत मोडीत काढू नये. प्रश्न मात्र नीट विचारावा. गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि अमेरिकेतलं परड्यू विद्यापीठ यांनी २०१४ मध्ये ३० हजारांहून अधिक अमेरिकी पदवीधरांना 'समाधानी आहात का' एवढ्यावर न थांबता घडलेल्या गोष्टी विचारल्या. तुमची काळजी घेणारे प्राध्यापक भेटले का? शिकलेलं वापरायला मिळेल अशी इंटर्नशिप केली का? असे अनुभव असलेले लोक पुढे कामात अधिक मन लावून रमलेले आढळले. कॉलेज सरकारी की खासगी, याने फारसा फरक पडला नाही. आनंदी माणसाला जुने शिक्षकही चांगलेच आठवत असतील, ही शंका रास्त आहे. तरीही मला हे प्रश्न मोलाचे वाटतात.

आपल्याकडे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात इंटर्नशिपचा प्रश्न आहे, पण सुरुवात होते ती 'वर्गात अभ्यासक्रम किती पूर्ण झाला?' इथून. पोर्शन संपवायचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे व्याख्यान. मुलांना अडखळू देणारे शिक्षक या प्रश्नावर मागे पडण्याची भीती मला वाटते.

हार्वर्डच्या संशोधकांनी सुचवलेला उपाय साधा आहे: सत्राच्या सुरुवातीलाच हे निष्कर्ष मुलांना समजावून सांगा. जूनच्या पहिल्या आठवड्यातली पंधरा-वीस मिनिटं त्याला पुरतील.