मुंबईचा प्लेग आणि कॅल्क्युलसचं दुसरं सत्र

इंटिग्रेशन, अनंत श्रेणी, डिफरन्शियल इक्वेशन्स. कॅल्क्युलसच्या दुसऱ्या सत्रात ही प्रकरणं सुटी सुटी शिकवली जातात. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती एकत्र बघायची असतील, तर मुंबईच्या प्लेगकडे जावं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे कित्येक वर्षं साथ थंडीत डोकं वर काढी आणि पावसाळ्यापर्यंत ओसरे. दर आठवड्याला किती माणसं दगावली, याच्या नोंदी राहिल्या. त्यांतल्या १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या नोंदी एडिंबरोतल्या दोघांनी वापरल्या. अँडरसन मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. विल्यम करमॅक हे जीवरसायनतज्ज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. दोघांचा निबंध १९२७ मध्ये आला.

त्यांनी लोकांचे तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. नव्या लागणीचा वेग पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर ठरतो. यातून निघणाऱ्या डिफरन्शियल इक्वेशनमध्ये घातांकी फल (एक्स्पोनेन्शियल फंक्शन) अडकून बसतं आणि सरळ उत्तर मिळत नाही. तेव्हा त्यांनी त्या फलाची श्रेणी मांडली, पहिली तीन पदं ठेवली, बाकीची सोडली. मग समीकरण सुटलं. मला हीच पायरी सगळ्यात सुंदर वाटते.

मुंबईसाठी सूत्र आलं ते असं: आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले (०.२ट − ३.४) च्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग (हा वक्र घंटेसारखा, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता), ‘ट’ म्हणजे आठवडे. शिखर सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्याला. या वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं की सुमारे ८,९०० येतात. इंटिग्रेशनचं हे उत्तर म्हणजे माणसं आहेत, हे गणित करताना विसरू नये.

साथ ओसरायला सगळ्यांनी आजारी पडावं लागत नाही, लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की पुरे, हा त्या निबंधाचा मोठा निष्कर्ष. पण मुंबईच्या वक्राबद्दल ते दोघं सावध होते: माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली, आणि तो पसरवतात पिसवा. सूत्रातले स्थिरांक साथभर स्थिर राहतात, हे गृहीतक पुरतं खरं नाही, असं त्यांनीच लिहिलं. २०१२ मध्ये गणितज्ञ निकोला बकाएर यांनी उंदीर, पिसवा आणि ऋतू गणितात घेऊन हाच प्लेग पुन्हा तपासला.